रोजची दगदग कमी करायच्या साध्या युक्त्या: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

फोन उघडला की पन्नास युक्त्यांचा एखादा व्हिडिओ समोर येतोच, आणि बघताना त्यातल्या सगळ्याच पटतात. मग माणूस उत्साहाने दहा गोष्टी एकदम सुरू करतो. नवी डायरी, कप्प्यांना लेबलं, पहाटेचा गजर, चार नवी ॲप्स. पंधरा दिवसांत त्यातलं काहीच उरत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

याचं खापर आळसावर फोडू नका, कारण चुकतो तो क्रम. आधी युक्ती आवडते आणि मग ती लावायला घरात अडचण शोधली जाते. इथे क्रम उलटा आहे: आधी अडचण, मग तिच्यापुरती युक्ती. आणि युक्ती निवडताना माझी एकच कसोटी असते. ती लक्षात ठेवावी लागते का? दमून घरी आलात, डोकं चालत नाही, घाई आहे, अशा वेळीही जी आपोआप चालते तीच खरी सोय.

पायरी १: चार-पाच दिवस फक्त नोंद

सुरुवातीला काहीही बदलू नका आणि काहीही विकत आणू नका. खिशात एक कागद ठेवा किंवा फोनमध्ये एक नोंद उघडून ठेवा. शोधाशोध करावी लागली, तेच काम दुसऱ्यांदा करावं लागलं, दारातून परत फिरावं लागलं, "अरे, हे राहिलंच" असं तोंडून निघालं, की तिथल्या तिथे चार शब्द लिहायचे. "चष्मा सापडेना." "चार्जर दुसऱ्या खोलीत." "फॉर्म भरताना खाते क्रमांक शोधला." बस, एवढंच. का झालं, कुणामुळे झालं, याचा विचार तेव्हा करायचा नाही.

पाचव्या दिवशी यादी वाचा. बहुतेक नोंदी तीन गटांत बसतात. वस्तू हाताशी नव्हती, गोष्ट लक्षात राहिली नाही, किंवा काम सुरूच झालं नाही (झालं तर मध्येच तुटलं). हे वेगवेगळं करणं महत्त्वाचं, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. किल्ली सापडत नसेल तर दिवसाचं वेळापत्रक आखून ती सापडणार नाही, आणि काम सुरू होत नसेल तर नवे डबे आणून ते सुरू होणार नाही.

सुरुवात कुठून करायची? जी गोष्ट यादीत सर्वांत जास्त वेळा आली आहे, तिथून. सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट बहुधा वर्षातून एखाद्या वेळी घडते, तिला थांबू द्या. रोजची दोन मिनिटांची शोधाशोध वर्षाला बारा तास खाते.

पायरी २: वस्तू जिथे लागते, तिथे ठेवा

फ्रँक गिलब्रेथ हे अमेरिकेतले बांधकाम ठेकेदार, स्वतः गवंडीकाम शिकलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी एक वीट रचताना गवंड्याला किती हालचाली कराव्या लागतात हे मोजलं. त्या १८ भरल्या. त्यांनी त्या पाचाच्या आसपास आणल्या. त्यासाठी कुणाला जोरात हात चालवायला सांगितलं नाही, तर विटा कमरेच्या उंचीवर येतील अशी सोय मचाणावर केली, म्हणजे प्रत्येक विटेसाठी खाली वाकणं संपलं. त्यांच्या पत्नी लिलियन गिलब्रेथ यांनी पुढे हाच विचार स्वयंपाकघरात आणला. पायाने उघडणारी कचरापेटी आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेय त्यांना दिलं जातं.

घरी हे करून पाहायचं तर जिथे काम करता तिथे उभे राहा आणि हात पुढे करा. त्या कामाला लागणारी वस्तू हाताच्या टप्प्यात आहे का? आपण सामान सहसा जातवारीने ठेवतो: सगळी स्टेशनरी एका खणात, सगळी अवजारं एका पेटीत. दिसायला ते छान दिसतं. पण कात्री खरोखर कुठे लागते ते बघा. पार्सल दारापाशी उघडलं जातं, पिशव्या स्वयंपाकघरात कापल्या जातात, कागद टेबलावर. एकच कात्री असेल तर ती तीन ठिकाणी फिरते आणि हवी तेव्हा चौथ्याच ठिकाणी असते. कात्री, पेन, चार्जर, पेचकस अशा स्वस्त आणि सतत लागणाऱ्या वस्तूंबाबत "घरात एकच पुरे" हा हट्ट सोडा. दोन किंवा तीन ठेवा आणि प्रत्येकीला तिची जागा द्या.

दाराजवळची जागा ही सगळ्यांत जास्त परतावा देणारी जागा. किल्ल्या, पाकीट, ओळखपत्र, चष्मा यांच्यासाठी तिथे एक ट्रे किंवा दोन खुंट्या हव्यात. मात्र ट्रे कुठे ठेवायचा हे आपण ठरवायचं नाही, आपल्या हाताला ठरवू द्यायचं. दोन-तीन दिवस बघा, घरात शिरल्यावर किल्ल्या आपोआप कुठे टाकल्या जातात. ट्रे तिथेच ठेवा. "खरं तर तिकडच्या कपाटात ठेवायला हव्यात" असा विचार केलात तर किल्ल्या जुन्याच जागी पडत राहतील आणि कपाट रिकामं राहील. ट्रेला झाकण नको, खण नको, डबी नको. एका हातात पिशवी असताना दुसऱ्या हाताने, न बघता वस्तू टाकता आली पाहिजे. झाकण आलं की एक हालचाल वाढते, आणि वस्तू झाकणावरच ठेवली जाते. आठवडाभर निरीक्षण केलंत तर हे स्वतःच्या घरात दिसेल.

उद्या काही न्यायचं असेल तर ते वाटेत ठेवा. दाराच्या कडीला पिशवी अडकवा किंवा कागद बुटात ठेवा. फ्रिजमधली वस्तू न्यायची असेल तर घराची किल्ली रात्रीच त्या वस्तूशेजारी फ्रिजमध्ये ठेवा. विचित्र वाटतं, पण किल्लीशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे वस्तू राहत नाही.

बाकी लहानसहान गोष्टी भराभर सांगतो. सारख्या दिसणाऱ्या किल्ल्यांच्या डोक्यावर वेगवेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. एक्स्टेन्शन बोर्डात घुसलेल्या प्रत्येक वायरला प्लगच्या टोकाशी कागदी चिकटपट्टीचा झेंडा लावून वर "राउटर", "टीव्ही" असं लिहा, म्हणजे चुकीचा प्लग उपसला जात नाही. साठवणीचे डबे पारदर्शक घ्या. एखादी वस्तू सुटी करायची असेल तर प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा, आणि निघालेले स्क्रू कागदावर त्याच मांडणीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवा.

पायरी ३: लक्षात ठेवायचं काम कागदाला द्या

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं विमान उडालं आणि काही क्षणांतच कोसळलं. विमानात दोष नव्हता, वैमानिकही अनुभवी होते. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून एक लॉक लावलेलं असतं, ते काढायचं राहून गेलं होतं. यंत्र इतकं गुंतागुंतीचं झालं होतं की सगळं डोक्यात ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं. त्यावर उपाय म्हणून वैमानिकांच्या हाती उड्डाणापूर्वी वाचायची यादी आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी अशीच १९ मुद्द्यांची यादी दिली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांतला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं.

निष्णात शल्यविशारदाला यादीची मदत होते, तर आपल्याला बॅग भरताना ती घ्यायला संकोच कशाचा?

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांसाठी एकेक यादी करा: प्रवासाची बॅग, घर बंद करून बाहेरगावी जाणं, महिन्याची देणी, महिन्याचं सामान. यादी लिहिण्यातही कौशल्य आहे, म्हणून प्रवासाच्या यादीचं उदाहरण जरा जवळून पाहू. नवखा माणूस लिहितो "कागदपत्रं". ही नोंद निरुपयोगी आहे, कारण टिक करताना कोणती कागदपत्रं हे पुन्हा डोक्यालाच आठवावं लागतं. "ओळखपत्र, तिकिटाची प्रत, विम्याचं कार्ड" असं लिहा. "चार्जर" लिहिलं तर चार्जर बॅगेत जातो आणि वायर टेबलावर राहते. "चार्जर आणि वायर" लिहा. दुसरी गोष्ट, यादीचे दोन भाग करा. पहिल्या भागातल्या वस्तू आदल्या रात्री भरता येतात. दुसऱ्या भागाला "निघायच्या सकाळी" असं नाव द्या आणि त्यात टूथब्रश, रोजची औषधं, चष्मा, फोनचा चार्जर या शेवटपर्यंत वापरात असलेल्या वस्तू घाला. राहून जातात त्या बहुतेक याच. परत आल्यावर बॅग रिकामी करतानाच यादी हातात घ्या. काय कमी पडलं ते वाढवा, काय न वापरता परत आलं ते खोडा. तीन-चार प्रवासांत तुमच्यापुरती पक्की यादी तयार होते.

कामांच्या यादीतही तोच नियम. नोंद क्रियापदाने संपली पाहिजे. "विमा" हा विषय झाला, "विमा कंपनीला फोन करून हप्त्याची तारीख विचारणं" हे काम झालं. विषय वाचून मन टाळाटाळ करतं, काम वाचून हात फोनकडे जातो. अपुरी कामं डोक्यात घोळत राहतात हा सगळ्यांचाच अनुभव आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की काम पूर्ण न करताही, ते केव्हा आणि कसं करणार हे नेमकं ठरवलं की त्याचं घोळणं बरंच कमी होतं. रात्री झोप लागत नसेल तर उशाशी कागद ठेवून हे करून बघा.

आठवण लावताना वेळ नीट निवडा. कार्यालयात बसलेले असताना "घरची टाकी साफ करणे" असं वाजलं तर तुम्ही ते बंद करणार आणि विसरणार. आठवण तेव्हाच वाजावी, जेव्हा ते काम करता येईल. फोनमध्ये ठिकाणावर वाजणारी आठवणही लावता येते, घरी पोहोचल्यावर वाजणारी. त्याहून भरवशाचं म्हणजे नवं काम जुन्या सवयीला बांधणं: "दात घासून झाले की औषध". औषधाची डबी ब्रशशेजारी ठेवली की आठवणीची गरजही उरत नाही. "अमुक झालं की तमुक करायचं" अशा स्वरूपात ठरवलेल्या गोष्टी जास्त पार पडतात, हे पीटर गॉलवित्झर यांनी १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधात मांडलं आहे.

पायरी ४: काम सुरू होत नसेल तर

इथे युक्त्या भरपूर आणि उपयोगी थोड्या. मला टिकाऊ वाटलेल्या एवढ्याच.

दोन मिनिटांत होणारं काम समोर आलं की यादीत लिहू नका, करून टाका. लिहायला आणि पुन्हा वाचायलाच तेवढा वेळ जातो. मात्र हा नियम मोकळ्या वेळेसाठी आहे. एकाग्र होऊन काही करत असाल तेव्हा दोन मिनिटांची कामंही एका कागदावर जमू द्या.

मोठं काम नजरेला नकोसं वाटत असेल तर २५ मिनिटांचा टायमर लावा, मग ५ मिनिटं विश्रांती. फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत स्वतःच्या अभ्यासासाठी काढली. टोमॅटोच्या आकाराचा टायमर वापरला म्हणून तिचं नाव पोमोडोरो, म्हणजे टोमॅटो. २५ हा आकडा पवित्र नाही. काम रंगात आलं असेल तर घंटेला मान देऊन उठू नका. घंटेचं खरं काम सुरुवात करून देणं, एवढंच आहे.

मध्येच उठावं लागलं तर उठण्यापूर्वी एक ओळ लिहा: पुढची कृती काय. "तिसऱ्या परिच्छेदातला आकडा तपासायचा आहे." एका कामावरून दुसऱ्याकडे गेलं तरी मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, हे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये अभ्यासून मांडलं. ही एक ओळ तो भाग मोकळा करते, आणि परतल्यावर "कुठे होतो बरं मी?" यातली दहा मिनिटं वाचवते. या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर मी ही सुचवीन.

आणि अंदाज. कामाला किती वेळ लागेल हे माणूस जवळपास नेहमीच कमी सांगतो, अगदी आधी तेच काम केलेलं असलं तरी. म्हणून "किती लागेल?" असं न विचारता "मागच्या वेळी किती लागला होता?" असं स्वतःला विचारा.

पायरी ५: फोन आणि संगणक

दिवसाचे कित्येक तास ज्या यंत्रांवर जातात, त्यांच्यावरची छोटी बचत मोठी होते. संगणकावर हे शॉर्टकट शिका (मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड):

- कंट्रोल + शिफ्ट + टी: ब्राउझरमधला चुकून बंद झालेला टॅब परत येतो.
- कंट्रोल + एफ: लांबलचक पानावर हवा तो शब्द शोधता येतो. फॉर्म, नियमावली, अहवाल पूर्ण वाचत बसण्याआधी हे करा.
- कंट्रोल + शिफ्ट + व्ही: बऱ्याच ठिकाणी मजकूर मूळचा रंग आणि आकार सोडून साधा चिकटतो. मॅकच्या काही ॲप्समध्ये यासाठी ऑप्शनचीही जोड लागते.
- विंडोज + व्ही: आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते. पहिल्यांदा ती सुरू करण्याची परवानगी विचारते. ही फक्त विंडोजवर.
- विंडोज + शिफ्ट + एस: पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपता येतो. हीही फक्त विंडोजवर.

सगळे एकदम पाठ करू नका. एक शॉर्टकट पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवा, बोटांत बसला की चिठ्ठी बदला.

फोनवर टाइप करताना मधल्या अक्षराशी जायला बोटाने नेम धरत बसू नका. आयफोनवर स्पेस बार दाबून धरून बोट सरकवलं की कर्सर सरकतो. अँड्रॉइडवर गूगलचा कीबोर्ड असेल तर स्पेस बारवर बोट नुसतं डावी-उजवीकडे सरकवा. आणखी मोलाची सोय म्हणजे लघुरूपं. पूर्ण पत्ता, ईमेल, नेहमीचं उत्तर यांच्यासाठी दोन-तीन अक्षरांचं लघुरूप कीबोर्डच्या सेटिंगमध्ये नोंदवता येतं. "पप" टाइप केलं की पूर्ण पत्ता. पायरी १ मधल्या यादीत "पुन्हा पुन्हा तेच लिहिलं" असं आलं असेल तर हा उपाय पाच मिनिटांचा आहे. फक्त पासवर्ड आणि बँकेचे तपशील त्यात घालू नका.

फाइलच्या नावाची सुरुवात तारखेने करा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा: "२०२५-०३-०७ वीजबिल". दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात. वर्ष आधी लिहिलं की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते. १९८८ मध्ये आलेलं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ हेच सांगतं. "अंतिम", "अंतिम-२", "खरंच अंतिम" ही नावं मग लागत नाहीत.

महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर (क्लाउड चालेल). फोनमधले फोटो आणि त्याच फोनच्या मेमरी कार्डातले फोटो या सुरक्षेच्या दृष्टीने दोन प्रती नव्हेत. फोन हरवला की दोन्ही गेल्या. प्रत ठेवली की एकदा तिच्यातून एखादी फाइल उघडूनही बघा.

पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलूपबंद जपून ठेवणारं ॲप) वापरा. प्रत्येक खात्याला वेगळा, लांब पासवर्ड हवा, आणि तो माणसाने लक्षात ठेवणं अशक्य आहे. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नये, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे, कारण लोक मग जुन्यालाच एक आकडा जोडतात. मुख्य ईमेलला दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत आणखी एक खूण, बहुधा फोनवरचा कोड, मागणारी सोय) लावा आणि खातं परत मिळवण्याचे कोड कागदावर लिहून घरात जपून ठेवा.

सूचनांबद्दल मी कडक आहे. माणसांकडून येणाऱ्या सूचना चालू ठेवा, ॲप्सच्या बंद करा.

पायरी ६: घरातल्या लहान अडचणी, आणि ज्या युक्त्या करू नयेत

इथे कारण कळलं तर युक्ती लक्षात राहते आणि दुसरीकडेही वापरता येते.

बरणीचं धातूचं झाकण घट्ट बसलं असेल तर ते गरम पाण्याखाली अर्धा मिनिट धरा. धातू काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो. नवी, सीलबंद बरणी असेल तर आतली पोकळी झाकण ओढून धरते; चमच्याची कड झाकणाखाली घालून हलकेच उचला, "टक्" असा आवाज आला की हवा आत गेली, झाकण फिरतं. अडकणाऱ्या चेनच्या दातांवर शिसपेन्सिल घासा. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट थर-थर सरकणारं असतं, ते वंगणाचं काम करतं. स्क्रूच्या डोक्यावरची खाच झिजली असेल तर पेचकस आणि स्क्रू यांच्यामध्ये रुंद रबरबँड दाबून धरा, पकड मिळते. काचेवरचं स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून सावकाश सोला, उरलेल्या चिकटपणावर तेलाचं बोट फिरवा आणि साबणाने धुवा. पुस्तकाच्या कव्हरवर मात्र तेल लावू नका.

इलेक्ट्रिक किटलीच्या तळाशी बसलेला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर घालून गरम करा, अर्धा तास ठेवा, नंतर साध्या पाण्याने दोनदा उकळून ओता. आम्लात तो थर विरघळतो. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच आहे, त्यामुळे त्यावर व्हिनेगर पडलं तर चकाकी जाते. तिथे ते वापरू नका.

आता फसव्या युक्त्या. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून साफसफाई करण्याचे व्हिडिओ फार आहेत. फेस जोरात येतो म्हणून काम होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात अल्क आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात आणि मागे राहतं ते बहुतांशी पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट. सोड्याने घासा किंवा व्हिनेगरने पुसा, पण वेगवेगळं.

भिजलेला फोन तांदळात ठेवू नका. तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात, असं ॲपलनेही आपल्या सूचनांमध्ये लिहिलं आहे. फोन बंद करा, पुसा, चार्जिंगचं तोंड खाली धरून तळहातावर हलकेच आपटा आणि हवेशीर जागी ठेवा. हेअर ड्रायर नको, आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंग नको.

सगळ्यांत गंभीर गोष्ट: ब्लीच इतर कोणत्याही साफसफाईच्या द्रव्यात मिसळू नका. ब्लीच आणि आम्ल (व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचं ॲसिड) एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू तयार होतो; ब्लीच आणि अमोनियातून क्लोरॅमाइन वायू. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेततं. चुकून झालंच तर साफ करत बसू नका, लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि दार-खिडक्या उघड्या ठेवा. श्वासाला त्रास होत असेल तर वैद्यकीय मदत घ्या.

पायरी ७: एका वेळी एक, आणि घरातल्या सगळ्यांसोबत

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात याचा अभ्यास केला. सरासरी ६६ दिवस निघाले, पण माणसागणिक आणि सवयीगणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. "२१ दिवसांत सवय" या जाहिरातींवर विसंबू नका. त्याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा.

म्हणून एक बदल करा, तो न आठवता होऊ लागेपर्यंत दुसरा घेऊ नका. पंधरा दिवसांनी बघा. युक्ती सांभाळायलाच कष्ट पडत असतील, ट्रे रोज आवरावा लागत असेल, ॲपमध्ये नोंदी करण्यातच वेळ जात असेल, तर ती बिनदिक्कत सोडा. बऱ्याचदा जागा चुकलेली असते. ट्रे दोन हात सरकवला की चालू लागतो. आधी जागा बदलून बघा, मग सोडा.

घरात इतर माणसं असतील तर वस्तूंच्या जागा एकट्याने ठरवू नका. तुम्हाला सोयीची खुंटी मुलांच्या हाताला पोहोचत नसेल, वयस्क माणसाला त्या खणासाठी वाकावं लागत असेल, तर वस्तू परत जागेवर येणार नाही आणि वाद तेवढे वाढतील. एक दिवस सगळ्यांनी मिळून फक्त एक कोपरा घ्या, बहुधा दाराजवळचाच. प्रत्येकाने आपली वस्तू आपल्या हाताने तिथे ठेवून दाखवायची, आणि ज्याचा हात सगळ्यांत कमी उंचीवर पोहोचतो त्याच्या मापाने खुंटी ठोकायची.